जीपॉवर आठ महिने वापरल्यावर: आकडा एका क्लिकमध्ये मिळतो, घाम आधीच निघतो

अभ्यासाला किती माणसं लागतील हे काढून देणारं जीपॉवर नावाचं सॉफ्टवेअर गेल्या नोव्हेंबरात लॅपटॉपवर टाकलं, आता जुलै संपत आलाय, म्हणजे आठ महिने झाले. मी फिजिओथेरपीत मास्टर्स करतेय, राहते म्हापशात, आणि थिसिसचा विषय आहे मासळी विकणाऱ्या बायकांची गुडघेदुखी. सकाळपासून बुटक्या स्टुलावर बसायचं, पुढ्यात बांगड्यांची पाटी, उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर, हे लहानपणापासून बघत आलेय. दोन गट करायचे, एकाला व्यायाम शिकवायचे, दुसऱ्याला नुसतं माहितीपत्रक, आणि दुखणं शून्य ते दहाच्या पट्टीवर मोजायचं. बस्स, एवढंच.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, मी सॅम्पल साईझ (अभ्यासात किती बायका घेणार तो आकडा) ६० लिहिलं. तीस-तीस. का, तर मागच्या बॅचने तेवढंच घेतलेलं आणि त्यांच्या मागच्यांनीही. एथिक्स कमिटीत एका मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "साठच का गं? सत्तर का नाही, चाळीस का नाही?" माझी बोबडीच वळली. त्याच रात्री हे सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

फुकट आहे, हे आधी सांगते. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठाच्या साईटवरून मिळतं, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं, नेटशिवाय चालतं, जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर करत नाही. दिसायला मात्र वीस वर्षांपूर्वीचं, वर लाल-निळ्या दोन टेकड्या आणि खाली रकानेच रकाने.

पहिली ठेच डिफॉल्टवर लागली. दोन गटांची टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) निवडून मी काहीही न बदलता कॅल्क्युलेट दाबलं, उत्तर आलं १७६. पोटात गोळा. मग बायोस्टॅटवाल्या, म्हणजे संख्याशास्त्राच्या, सरांनी दाखवलं की ते आपणहून वन-टेल (फरक एकाच बाजूने बघायचा) आणि पॉवर (फरक खरोखर असेल तर तो सापडायची शक्यता) ०.९५ धरून बसतं. आपल्याकडे बहुतेक थिसिसमध्ये टू-टेल (दोन्ही बाजूंनी) आणि ०.८० असते, ते भरलं की इफेक्ट साईझ (दोन गटांतला फरक भागिले एसडी, म्हणजे आकड्यांचा पसारा) ०.५ ला एका गटात ६४, एकूण १२८. जाता जाता सरांनी माझे तीस-तीस पण टाकून बघितले, पॉवर आली जेमतेम ४८ टक्के! म्हणजे फरक खरोखर असला तरी तो सापडायची शक्यता नाणं उडवण्याएवढी. मागच्या बॅचेसचे किती थिसिस "फरक आढळला नाही" म्हणून लायब्ररीत धूळ खात असतील कोण जाणे.

आता खरी गंमत त्या ०.५ ची. हा आकडा आणायचा कुठून हे सॉफ्टवेअर सांगत नाही. बाजूला डिटरमाइन म्हणून बटण आहे, ते दाबलं की एक खण उघडतो, त्यात दोन्ही गटांचे मीन (सरासरी) आणि एसडी भरायचे. मी एक पेपर शोधला, त्यात दुखण्यात १.२ चा फरक आणि मीनच्या पुढे ± ०.४ लिहिलेलं. मी भरलं, इफेक्ट साईझ आली ३, आणि एका गटात लागणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या! मी इतकी खूश, गाईडना रात्रीच मेसेज केला. सकाळी त्यांचं उत्तर, "टेबलाखालची ओळ वाच." बारीक अक्षरात लिहिलेलं की ते ०.४ म्हणजे स्टँडर्ड एरर, एसडी नव्हे; एसडी हवी तर त्याला गटातल्या संख्येच्या वर्गमुळाने गुणायचं. गटात ३६ जण होते, ३६ चं वर्गमूळ ६, सहा गुणिले ०.४ म्हणजे एसडी २.४. आता १.२ भागिले २.४, आले परत ०.५ वर. सॉफ्टवेअर बिचारं काहीच बोलत नाही हो, तुम्ही जे वाढाल ते जेवतं आणि आकडा देतं.

दुसरा मोह म्हणजे छोटा-मध्यम-मोठा. कोहेन या संख्याशास्त्रज्ञाने इफेक्ट साईझला लावलेले ०.२, ०.५, ०.८ सगळ्यांना पाठ असतात आणि ०.८ टाकलं की एका गटात २६ मध्ये काम होतं, म्हणून माझी एक ज्युनियर आधी परवडेल तो आकडा ठरवते आणि मग तो येईपर्यंत इफेक्ट साईझ वर सरकवत जाते. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. पण विचारायचं असतं ते हे की दुखणं किमान कितीने कमी झालं तर त्या बाईला फरक पडेल. मी पाटीशी बसून हेच विचारायला गेले तर मावशी म्हणाली, "बाय, गिरायक रावलां, मागीर यो" (गिऱ्हाईक थांबलंय, नंतर ये). मागीर गेले तेव्हा तिने सांगितलं की स्टुलावरून उठताना कोणाचा हात धरावा लागला नाही तरी देव पावला. ते पट्टीवर कसं बसवायचं यात माझे तीन आठवडे गेले, आणि आठ महिन्यांतलं सगळ्यात कामाचं शिक्षण तेच.

आणखी एक, गोव्यात हे फार ऐकू येतं, "आपला गोवा केवढासा, सॅम्पल पण लहान चालेल." नाही चालत! किती टक्के बायकांना गुडघेदुखी आहे एवढंच काढायचं असेल, ५० टक्के धरून ५ टक्के इकडेतिकडे, तर ३८५ लागतात. लोकसंख्या १४ लाख असो की १४ कोटी, जवळपास तेवढेच. दहा हजारांतून घ्यायचे तर ३७०, फार फरक नाही. एकूणच हजार असतील तर मात्र २७८ वर येतं. हा टक्केवारीचा हिशेब जीपॉवरमध्ये सरळ मिळत नाही, त्यासाठी मी ओपनएपी वापरते, तेही फुकट, ब्राउझरमध्येच चालतं.

तक्रारी म्हणाल तर गळतीचा (अभ्यास अर्धवट सोडणाऱ्यांचा) हिशेब जीपॉवर करत नाही, तो हाताने करायचा आणि तिथे सगळे चुकतात. २० टक्के गळती धरली की लोक १२८ चे २० टक्के मिळवून १५४ लिहितात, पण १५४ मधले २० टक्के गेले की उरतात १२३. भागायचं असतं, १२८ भागिले ०.८, म्हणजे १६०.

मोठी तक्रार एकेकीला न वाटता अख्खे समूह वाटायचे असतील तेव्हाची. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, असं झालं की व्यायामाच्या गटातली मावशी शेजारच्या पत्रकवालीला तिथेच पाय लांब करून दाखवायला लागली, बाजारात गुपित राहणार कुठे! मग वाटलं अख्खा एक बाजार एका गटात टाकूया. सरांनी कागदावर मांडलं, एका बाजारात २० जणी, त्यांच्यातलं साम्य ०.०५, तर डिझाईन इफेक्ट (सॅम्पल कितीपट वाढवायचं तो आकडा) १.९५, म्हणजे १२८ चे झाले २५०, वर बाजारही बरेच लागतील. जीपॉवरमध्ये यासाठी रकानाच नाही. शेवटी बाई-बाई वाटणीच ठेवली आणि व्यायाम पाटीवर न दाखवता बाजारामागच्या एका खोलीत एकेकीला बोलावून शिकवले.

आवडलं काय, तर प्रोटोकॉल टॅब. भरलेलं सगळं तिथे लिहून राहतं, तेच कॉपी करून थिसिसला जोडलं, पुढच्या वेळी कमिटीत त्याच मॅडमनी पान उलटून नुसती मान हलवली. एक्स-वाय प्लॉट, म्हणजे आलेख, पण मस्त, गाईडना पटवायला तेवढा पुरतो. पोस्ट हॉकच्या वाटेला मात्र जाऊ नका, निकाल आल्यावर मिळालेल्याच फरकाची पॉवर काढणं म्हणजे पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक दिसायची शक्यता) दुसऱ्या कपड्यात. त्याऐवजी सेन्सिटिव्हिटी बघा, आहेत तेवढ्या माणसांत किती लहान फरक पकडता येईल ते कळतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला डिफॉल्टसाठी. गळतीचं म्हणाल तर मी २० टक्के धरताना जूनचा विचारच केला नव्हता, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, निम्म्या पाट्या रिकाम्या, काहीजणी सुकी मासळी घेऊन बसतात, बाकीच्या घरी. ऑगस्टात बोटी दर्यात गेल्या की परत बाजारात फेऱ्या मारायच्या आहेत, अकरा जणींचा फॉलोअप राहिलाय.