लय परत आणावी की नुसता वेग आवरावा? हार्ट फेल्युअरसोबत एएफ असलेल्यांसाठी

पहिल्या मजल्यावर जाताना मध्येच कठडा धरून थांबावं लागतं. भाजीची पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग उतरून ३०-३५ टक्के आणि ईसीजीवर एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. अशा वेळी डॉक्टर दोन वाटा सांगतात. ठोके अनियमितच राहू द्यायचे आणि गोळ्यांनी त्यांचा वेग आवरायचा, ही एक. औषधं, शॉक किंवा अ‍ॅब्लेशन करून लय परत आणायची, ही दुसरी. अ‍ॅब्लेशन म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन ठोके बिघडवणाऱ्या जागा जाळणं किंवा गोठवणं. इथे दोन्ही वाटा मुख्यतः एकाच प्रश्नावर ताडून पाहिल्या आहेत: चालणं, जिना चढणं कशाने वाढतं?

आधी दम का लागतो ते पाहू. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. खालचा कप्पा शेवटी भरून देणारा त्यांचा दाब नाहीसा होतो, आणि निरोगी हृदयातसुद्धा विश्रांतीच्या वेळी सुमारे पाचवा हिस्सा रक्त त्या दाबानेच भरतं. शिवाय दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे काही ठोके अर्धवट भरलेल्या कप्प्यावरच पडतात आणि मनगटापर्यंत पोचतही नाहीत. म्हणून बोटाला लावायच्या यंत्रावर किंवा घड्याळावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलेले ठोके खरे.

वेग आवरण्याची वाट सोपी आणि स्वस्त आहे, आणि पुष्कळांना ती पुरते. बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा डिगॉक्सिन ही तिची औषधं. बर्मिंगहॅमच्या रेट-एएफ अभ्यासात (२०२०) कायमचा एएफ आणि धाप असलेल्या, साठीपुढच्या १६० जणांत बिसोप्रोलॉल आणि कमी मात्रेचं डिगॉक्सिन यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी जीवनमानात फरक दिसला नाही, पण डिगॉक्सिनवाल्यांना औषधाचा त्रास कमी झाला. मात्र डिगॉक्सिनचा लगाम बसलेल्या माणसाला बसतो, चालणाऱ्याला तितका नाही. उलट, बीटा ब्लॉकर (बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल) जास्त झालं तर जिन्यावर ठोके हवे तेवढे वाढत नाहीत आणि पायांतलं त्राण जातं. म्हणून खुर्चीत बसवून मोजलेल्या ठोक्यांवर 'कंट्रोल चांगला आहे' असं ठरवू नये. वऱ्हांड्यात चार फेऱ्या मारून आल्यावरही मोजायला सांगा.

लय परत आणण्याची वाट गोळ्यांनी चालायची की अ‍ॅब्लेशनने, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घरच्यांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो. एएफ-सीएचएफ अभ्यासात (२००८) १,३७६ रुग्ण होते. लय राखायला मुख्यतः अ‍ॅमिओडॅरोन दिलं गेलं, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत. अ‍ॅमिओडॅरोनमुळे थायरॉइड, यकृत, फुप्फुसं यांच्यावर सतत लक्ष ठेवावं लागतं. हार्ट फेल्युअरमध्ये गोळ्यांचे पर्यायही मोजकेच. फ्लेकेनाइड आणि ड्रोनेडॅरोन इथे धोक्याची.

अ‍ॅब्लेशनचे आकडे वेगळं सांगतात. लंडनच्या एआरसी-एचएफ अभ्यासात (२०१३) ५२ जण होते. वर्षभराने अ‍ॅब्लेशन झालेल्यांची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता वेग आवरलेल्यांपेक्षा किलोमागे मिनिटाला सुमारे ३ मिलिलिटरने जास्त भरली. स्वस्थ बसलेल्या माणसाला ३.५ मिलिलिटर लागतात. म्हणजे जवळपास तेवढी शिल्लक पदरात पडली, आणि मजला न थांबता चढायला हीच शिल्लक कामी येते. तीन महिन्यांनी मात्र हा फरक ठळक नव्हता. अ‍ॅब्लेशननंतर महिन्याभरात 'काहीच फरक नाही' म्हणून खचू नका. कॅसल-एएफमध्ये (२०१८, ३६३ रुग्ण) मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं, या दोन्हींचं मिळून प्रमाण अ‍ॅब्लेशन गटात २८.५ टक्के होतं, नुसत्या औषधांच्या गटात ४४.६.

याची किंमतही आहे. हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात असे धोके थोडे असले तरी खरे आहेत. काहींना अ‍ॅब्लेशन पुन्हा करावं लागतं. खर्च मोठा. अनेक वर्षांचा एएफ आणि फार ताणलेला वरचा डावा कप्पा असेल तर यशाची शक्यता घटते. माझं मत स्पष्ट आहे: एएफ अलीकडचा असेल, आणि ठोके बिघडल्यावरच पंपिंग उतरलं असेल, तर अ‍ॅब्लेशनचा विचार लांबवू नये. लय सुधारली की अशी हृदयं कधीकधी चांगलीच सावरतात.

तिसरी वाट वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणारी विद्युतवाट जाळून दोन्ही बाजूंनी चालना देणारा पेसमेकर बसवण्याची. कायमचा एएफ गोळ्यांना दाद देत नसेल तेव्हा ती उपयोगी, पण पुढे माणूस पेसमेकरवर अवलंबून राहतो. अ‍ॅब्लेशन करणं शक्य असेल तर ही वाट नंतरची: पाबा-सीएचएफमध्ये (२००८) सहा मिनिटांच्या चालण्यात अ‍ॅब्लेशनवाले ३४० मीटर गेले, पेसमेकरवाले २९७.

आपल्याकडे एक गोष्ट आधी तपासावी लागते. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झाली असेल तर वरची तुलना लागूच नाही, आधी झडप. रक्त पातळ ठेवायलाही तिथे वॉरफरिनसारखी जुनी गोळीच, आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते दाखवणारी चाचणी) तपासत. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात ती रिव्हॅरोक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा सरस ठरली. इतरांतही वाट कुठलीही असो, ठोके नियमित झाले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवायची नाही.

आणि व्यायाम. एएफ आहे म्हणून घरचे आजोबांना पलंगावरून उठू देत नाहीत, हे पाहून जीव तुटतो. एचएफ-अ‍ॅक्शन या २,३३१ रुग्णांच्या अभ्यासात (२००९) एएफ असलेलेही होते. व्यायामाने त्यांचीही क्षमता वाढली. प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. नाडीवरून जोर ठरवू नका. चालताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने चढलं किंवा चक्कर आली, तर चालणं थांबवून दवाखाना गाठा.

उपचार सुरू होण्याआधी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करून घ्या आणि मीटर वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी आणि वर्षाने त्याच जागी पुन्हा चाला. साधारण ३० मीटरचा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो. वेग आवरूनही आकडा हलला नाही, तर ती वही घेऊन अ‍ॅब्लेशनबद्दल विचारायला जा.