दाणा पाण्यावर तरंगला म्हणून चोख समजू नका

साकीनाक्याला आमचं छोटं प्लास्टिक मोल्डिंग युनिट आहे. मसाल्याच्या डब्यांची झाकणं काढतो, बिजागरी झाकणातच ओतलेली. गेल्या पावसाळ्यात एका व्यापाऱ्याकडून रिप्रोसेस दाणा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून पाडलेले दाणे घेतले. पीपीत (पॉलिप्रॉपिलीन) थोडं एचडी (हाय डेन्सिटी पॉलिथिलीन), असा ब्लेंड. नमुना उत्तम होता. माल उतरताना त्यानेच बादली मागवली. "पाण्यात टाका दादा, बुडाला तर पैसे देऊ नका." दाणा तरंगला. झाकणं ग्राहकाकडे गेली आणि दोन-चारदा उघडताच बिजागरीवर तुटायला लागली. सगळा माल परत आला.

दाण्यात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट होतं. लॅबमध्ये जाळलं की प्लास्टिक जळून जातं, खडू राखेत उरतो; १० टक्क्यांच्या आसपास राख निघाली.

बादली इथेच दगा देते. पाण्याची घनता १, पीपीची ०.९ च्या आसपास, खडूची २.७. हिशेब केला तर पीपीत साधारण १४ टक्के खडू जाईपर्यंत दाणा पाण्यावरच राहतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो तेवढ्यातच थांबतो. हाताला तर असा दाणा उलट जास्त कडक लागतो, कारण खडूसारख्या फिलरने, म्हणजे भर म्हणून घातलेल्या भुकटीने, ताठरपणा खरोखरच वाढतो. पण ताणल्यावर लांबायची ताकद जाते, आणि बिजागरी जगते ती त्याच ताकदीवर. पीपी आणि एचडी मुळातच एकमेकांत नीट मिसळत नाहीत. त्यात स्टिअरिक ॲसिडचा लेप नसलेली स्वस्त भुकटी घातली की तिच्या गुठळ्या होतात, प्लास्टिक त्यांना धरून राहत नाही, आणि तडा तिथूनच सुरू होतो.

फिलर वाईट नाही, हेही सांगतो. गाड्यांच्या डॅशबोर्डसाठी टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी) घातलेलं पीपी मुद्दाम वापरतात. तिथे टक्का सांगून माल विकतात. मला खडू प्लास्टिकच्या भावाने विकला, राग त्याचा आहे. शिवाय आपण दाणा किलोवर घेतो आणि झाकण नगावर विकतो. माल जड झाला की किलोमागे नग कमी निघतात. आमचे ७ टक्क्यांच्या आसपास कमी भरत होते.

तक्रार केली तर तो म्हणाला, बिलावर फक्त 'पीपी दाणा' लिहिलंय. खरंच तेवढंच होतं.

तेव्हा लहान युनिटवाल्यांनो, ऑर्डरवरच लिहून घ्या: राख जास्तीत जास्त किती टक्के. नमुना व्यापाऱ्याने आणलेला नको, उतरलेल्या गाडीतल्या मधल्या गोणीतून काढा आणि दोघांच्या सह्यांनी सील करा. लॅबला ६०० अंशांवर राख काढायला सांगा. भट्टी फार तापली तर खडूचा चुना होतो, वजन घटतं आणि आकडा कमी दिसतो. त्या राखेवर पातळ ॲसिडचे थेंब टाकायला सांगा. फसफसली तर खडू आहे. टाल्क फसफसत नाही, म्हणून नुसत्या थेंबांवर न जाता राखेचं वजनही लेखी मागा. रिपोर्ट येईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा. हे कबूल नसेल त्याची गाडी उतरवूच नका.