मॅनाटीच्या तपासणीसाठी हातात मावणारा ब्लड अ‍ॅनालायझर: घ्यावा का?

फ्लोरिडात मॅनाटीच्या, म्हणजे समुद्रगायीच्या, हेल्थ चेकअपला आमच्या टीमकडे हे मशीन असतं. कार्ट्रिजमध्ये दोन-तीन थेंब रक्त सोडायचं, आत सरकवायचं, दोनेक मिनिटांत आकडे स्क्रीनवर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या टाइपची मशीन्स बरीचशी सारखीच चालतात.

क्रिस्टल रिव्हरला थंडीत जाळं लावून जंगली मॅनाटी किनाऱ्यावर घेतला की जाम घाई असते, चार-पाचशे किलोचं जनावर पाण्याबाहेर, एकजण श्वास मोजतोय, दुसरा अंगावर पाणी ओततोय, आणि तेवढ्यात लॅक्टेट (शरीरावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) नि पीएच (रक्ताची आम्लता) समोर आले की व्हेटला तिथल्या तिथे ठरवता येतं की बाकीची मापं घेत बसायचं का आत्ताच सोडायचं. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत तो कुठच्या कुठे पोचलेला असतो. या कामात मशीनला पैकीच्या पैकी.

आता कटकटी. रक्त फ्लिपरच्या (वल्ह्यासारख्या पुढच्या पायाच्या) आतल्या बाजूने काढतात, रेडियस आणि अल्ना या दोन हाडांच्या मधल्या फटीत दीड इंची सुई घालून. शीर दिसत नाही, बोटाने चाचपून अंदाज घ्यायचा. आणि तिथे एकच मोठी शीर नसतेच, धमन्या नि शिरांचा गुंता असतो, म्हणजे हाती येतं ते मिक्स रक्त. त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा मशीनने कितीही ठसक्यात दाखवला तरी त्यावर फार जाऊ नका. स्क्रीनवरची नॉर्मल रेंजसुद्धा मॅनाटीची नसते, आपला तक्ता जवळ ठेवा.

दुसरं म्हणजे तापमान. आमच्या मशीनला 16 ते 30 डिग्री लागतं, आणि मॅनाटी उबदार झऱ्यांकडे गोळा होतात ते नेमके कडाक्याच्या थंडीत! पहाटे एरर आला की हीटर चालू ठेवलेल्या गाडीत पळायचं. उन्हाळ्यात उलटा ताप.

सगळ्यात महत्त्वाचं, आजारी आहे का हे हे मशीन सांगत नाही. मॅनाटीला आतून इन्फेक्शन असूनही पांढऱ्या पेशींचा आकडा बऱ्याचदा नॉर्मल येतो. 2006 च्या अभ्यासात सीरम अमायलॉइड ए हे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रोटीन त्यापेक्षा भरवशाचं ठरलं, आणि ते लॅबमध्येच होतं. पेशी मोजायला पण स्लाइड करून माणसानेच मायक्रोस्कोपखाली बघितलेलं बरं, कारण मॅनाटीच्या हेटरोफिल या पांढऱ्या पेशींत लालसर दाणे असतात आणि लॅबमधला ऑटोमॅटिक काउंटर त्यांना इओसिनोफिल या दुसऱ्याच प्रकारच्या पांढऱ्या पेशी समजून बसू शकतो.

तुमच्याकडे फक्त टँकमधले, सवयीचे मॅनाटी असतील तर सरळ सांगतो, घेऊ नका. सॅरासोटाच्या मोट मरीन लॅबमध्ये ह्यू आणि बफेट या दोन मॅनाटींना रक्त देताना शांत राहायचं ट्रेनिंगच दिलं होतं. असं जनावर असेल तर दोन मिनिटांत आकडा कशाला हवाय, सँपल आरामात लॅबला पाठवा, त्याच पैशात अमायलॉइडची टेस्ट नियमित होईल. रेस्क्यूवाल्यांनी मात्र जरूर घ्यावं. 20 डिग्रीच्या खालच्या पाण्यात राहून कोल्ड स्ट्रेस झालेला मॅनाटी आला की ग्लुकोज नि पोटॅशियम तेव्हाच कळलेलं बरं.

कार्ट्रिज महाग आहेत, फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, बाहेर काढली की थोड्याच दिवसांत बाद. मोठा बॉक्स स्वस्त पडतो म्हणून उचलू नका, सीझन बघून मागवा.