भूकंपानंतर जमीन किती सरकली? जीपीएस ठाणं की रडार उपग्रह

झिरो माईलच्या खांबापाशी उभं राहिलं की नागपूर जागचं हलत नाही असंच वाटतं. पण भारतीय भूपट्ट दरवर्षी साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, नागपूरसकट. हे दाखवतं ते कायमचं जीपीएस ठाणं: खडकात रोवलेला खांब, वर अँटेना, रात्रंदिवस नोंद. ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपात जपानच्या ओशिका द्वीपकल्पावरचं ठाणं ५ मीटरहून जास्त सरकलं आणि मीटरभर खचलं. पुढे कित्येक वर्षं तिथली ठाणी हळूहळू सरकत राहिली. मला हीच नोंद सगळ्यात मोलाची वाटते, कारण धक्का थांबल्यावर जमिनीखाली काय चाललंय ते त्यातूनच उलगडतं.

रडार उपग्रहाला जमिनीवर यंत्र लागत नाही. भूकंपाआधीची आणि नंतरची प्रतिमा जुळवली की रंगीत पट्टे उमटतात. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या प्रतिमांमध्ये एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने सुमारे २.८ सेंटिमीटर हालचाल. अख्खा जिल्हा एका नजरेत येतो! मात्र उपग्रह काही दिवसांनी परततो, उत्तर-दक्षिण सरकणं त्याला जेमतेम दिसतं, आणि गडचिरोलीसारख्या दाट जंगलात पट्टे विस्कटतात.

एकच निवडायचं तर मी ठाणं निवडेन. पण ते आधीपासून उभं हवं. भूकंपानंतर बसवलं, तर मूळ धक्क्याचं माप हुकलंच. तिथे रडारची जुनी प्रतिमाच कामी येते.