सायटोसॉर्ब कार्ट्रिज: सेप्टिक शॉकमध्ये किती भरवसा ठेवावा?

सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णाचं रक्त शरीराबाहेर काढून, गाळून परत आत सोडायची उपकरणं बरीच आहेत. त्यांत सर्वाधिक चर्चा होते ती सायटोसॉर्बची. २०११ मध्ये त्याला युरोपात सीई मान्यता (विक्रीचा परवाना) मिळाली. आमचं मत आधीच सांगतो: उपकरण म्हणून ते नीट बनवलेलं आहे, सांगितलेलं काम करतं. पण त्याने सेप्सिसचे (संसर्गामुळे अवयव बिघडू लागलेले) रुग्ण अधिक वाचतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. नातेवाइकांशी बोलताना या दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये.

आत ३०० मिलीची नळकांडी, तिच्यात सच्छिद्र पॉलिमरचे मणी. मण्यांच्या छिद्रांतलं एकूण पृष्ठफळ ४० हजार चौरस मीटरहून अधिक. सुमारे ६० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) पर्यंतचे, पाण्यापासून फटकून राहणारे रेणू तिथे चिकटतात. आयएल-६ सारखे सायटोकाइन, म्हणजे दाह वाढवणारे रेणू, त्यातलेच. रक्तात ज्याचं प्रमाण जास्त, ते जास्त ओढलं जातं. त्यामुळे आयएल-६ मुळातच कमी असलेल्या रुग्णाला लावून हाती फारसं काही लागत नाही. एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या कवचातलं विष) मात्र यात अडकत नाही. त्यासाठी पॉलिमिक्सिन-बी हे अँटिबायोटिक बसवलेल्या तंतूंचं टोरेमिक्सिन हे उपकरण वेगळं. ते जपानमध्ये १९९४ पासून वापरात आहे. एका वेळी २ तास, साधारण २४ तासांच्या अंतराने दोनदा, अशी त्याची रीत.

जोडणी अवघड नाही, पण घाई महागात पडते. कार्ट्रिज उभं, रक्त खालून वर जाईल असं बसवायचं. किमान २ लिटर सलाईनने धुवायचं आणि धुताना टिचक्या मारत हवा पूर्ण बाहेर काढायची. मण्यांत अडकलेली हवा म्हणजे पुढे गोठणाऱ्या रक्ताची सुरुवात. डायलिसिस चालू असेल तर कार्ट्रिज फिल्टरच्या आधी लावावं, कारण फिल्टरमधून बाहेर पडणारं रक्त पाणी निघून गेल्याने दाट झालेलं असतं. एक्मो (हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) असेल तर मुख्य नळीत कधीच नाही, बाजूच्या फाट्यावरच.

रक्ताचा वेग मिनिटाला १०० मिलीच्या खाली जाऊ देऊ नये. १५० च्या वर राहिला तर उत्तम. खरी अडचण बहुधा कॅथेटरची (शिरेत घातलेल्या नळीची) असते. वाकलेलं किंवा भिंतीला टेकलेलं कॅथेटर असेल तर पंप वारंवार थांबतो आणि प्रत्येक थांब्यात गुठळी वाढते. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन वापरत असाल तर एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) १६० ते २१० सेकंद ठेवावा. रक्तस्रावाचा धोका असेल तर त्याऐवजी सायट्रेट बरं. कार्ट्रिजच्या आधीचा दाब हळूहळू चढत गेला, की ते गोठू लागलंय असं समजावं. अलार्म वाजेपर्यंत थांबलं तर आतलं रक्त परत देता येत नाही, आणि आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णाला हा तोटा परवडत नाही.

कार्ट्रिजमध्येच सुमारे १२० मिली रक्त मावतं, नळ्यांतलं वेगळं. म्हणून जोडताना रक्तदाब घसरू शकतो. रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनालिनची पुढची सिरिंज आधीच भरून तयार असावी. प्लेटलेट रोज मोजाव्यात, त्या खाली येतात.

आता सर्वांत दुर्लक्षित बाब, आणि याबाबत आम्ही आग्रही आहोत: अँटिबायोटिक. मणी फक्त वाईट रेणू निवडत नाहीत. व्हँकोमायसिन मोठ्या प्रमाणात शोषलं जातं, लिनेझोलिड आणि बुरशीविरोधी फ्लुकोनाझोलही कमी होतात. मेरोपेनेमला कार्ट्रिजचा फारसा धक्का बसत नाही, ते डायलिसिसमुळे जातं. शोषण पहिल्या काही तासांत सर्वांत जोरात असतं, आणि कार्ट्रिज बदललं की ते पुन्हा सुरू होतं. म्हणून व्हँकोमायसिनचा डोस देऊन लगेच नवं कार्ट्रिज लावू नये. बदलानंतर रक्तातली पातळी तपासून पुढचा डोस ठरवावा. वेष्टनावर २४ तासांची मर्यादा आहे. पहिल्या दिवशी अनेक पथकं ८ ते १२ तासांनीच बदलतात, कारण मणी लवकर भरतात. जितके बदल जास्त, तितकी औषधांची राखण कडक.

पुराव्याचं काय? सायटोसॉर्बच्या २०१७ च्या चाचणीत कार्ट्रिजमधून जाताना आयएल-६ कमी होताना दिसला, पण रुग्णाच्या रक्तातली पातळी तुलनेच्या गटापेक्षा कमी झाली नाही. कोविडमध्ये एक्मोवरच्या ३४ रुग्णांच्या चाचणीत ३० दिवसांनी कार्ट्रिज लावलेल्या १७ पैकी ३ जिवंत होते, न लावलेल्या १७ पैकी १३. चाचणी छोटी आहे, तरी ती डोळ्याआड करणं योग्य नाही. टोरेमिक्सिनच्या ४५० रुग्णांच्या २०१८ मधल्या चाचणीतही २८ दिवसांच्या मृत्यूदरात फरक आढळला नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत पॉलिमिक्सिन-बी वापरू नये अशी सौम्य शिफारस आहे. रक्त गाळण्याच्या इतर पद्धतींबाबत पुरावा अपुरा म्हणून शिफारसच नाही.

मग लावायचं कधी? पू काढून झालेला, योग्य अँटिबायोटिक आणि द्रव सुरू झालेले, तरीही नॉरअॅड्रेनालिनचा डोस चढत चाललेला, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन अपुरा पडल्याची खूण) उतरत नाही आणि आयएल-६ खूप वर. असा रुग्ण असेल तर, संमती घेऊन, पहिल्या २४ तासांत विचार करावा. पोटातली गळती तशीच ठेवून कार्ट्रिज जोडणं हा वेळेचा अपव्यय आहे. लावल्यावर दर ६ तासांनी नॉरअॅड्रेनालिन आणि लॅक्टेट लिहून ठेवावेत. २४ तासांत दोन्ही हलले नाहीत, तर दुसरं कार्ट्रिज उघडू नये.