सायलेन्सरची उष्णता आणि माझे साडेचार लाख

सावंतवाडीच्या बाजूला आमचं काजूचं छोटं युनिट आहे. पावसात वीज गेली की जनरेटर तासाला चार-साडेचार लिटर डिझेल पितो. त्यातूनच लाकडाच्या गॅसिफायरचा, म्हणजे लाकूड अर्धवट जाळून इंजिनात चालणारा गॅस बनवणाऱ्या यंत्राचा, नाद लागला. विक्रेता म्हणाला, "काका, बागेतलं अकेशिया ओलंच टाका. सायलेन्सरमधून फुकट जाणारी उष्णता आम्ही परत हॉपरमध्ये, म्हणजे लाकूड भरायच्या टाकीत आणतो. ऐंशी टक्के डिझेल वाचलं समजा."

यातलं बरंचसं खरं होतं, तिथेच मी गंडलो. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर जाते आणि त्या उष्णतेवर ढलपे वाळवता येतात. डिझेलसोबत गॅस दिला तर 70-80 टक्के डिझेल वाचतं हेही खरं. पण त्याला कोरडं लाकूड आणि टार (लाकडाच्या धुरातला डांबरासारखा चिकट पदार्थ) काढलेला गॅस लागतो. नंतर मी हिशेब मांडला. 15 किलोवॅटच्या लोडला तासाला वीसेक किलो कोरडे ढलपे लागतात. 40 टक्के ओलाव्याच्या लाकडातून तेवढे मिळवायचे तर तासाला आठेक लिटर पाणी उडवावं लागतं. चांगला हीट एक्स्चेंजर (धूर न मिसळता नळ्यांमधून त्याची उष्णता काढून घेणारं साधन) आणि वेगळा ड्रायर असेल तर जेमतेम जमतं. हा हिशेब पैसे देण्याआधी मांडायला हवा होता, पण तेव्हा मी डिझेलची बिलं मोजत बसलो होतो.

डेमो झकास झाला. इंजिन गुळगुळीत चाललं, मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, घरी दाखवला. लोड किती होता? दोन हॅलोजन आणि एक पंखा. तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

सहा लाखांपैकी साडेचार दिल्यावर यंत्र आलं. पहिल्याच आठवड्यात व्हॉल्व्हवर डांबरासारखा थर बसला आणि हेड उघडावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे शेडमध्ये काम करणाऱ्या पोराचं डोकं दुखायला लागलं, चक्कर आली. गॅसिफायर इंजिनाच्या ओढीवर चालतो, आत दाब कमी असतो, म्हणून गॅस सहसा बाहेर येत नाही. यांनी सायलेन्सरचा पाइप सरळ हॉपरमध्ये सोडला होता. धुराचा दाब आत आला आणि गॅसमधला विषारी कार्बन मोनॉक्साइड झाकणाच्या फटीतून शेडमध्ये. वर धुरातला नायट्रोजन आणि कार्बन डायॉक्साइड गॅसमध्ये मिसळून तो आणखी पातळ. पोरगा वाचला, हे नशीब. तुमच्याकडे कोणी असा पाइप जोडून दिला असेल तर यंत्र आजच बंद करा.

'हीट एक्स्चेंजर' म्हणून दिलेला ड्रम आमच्या मेस्त्रीने ग्राइंडरने कापला. आत एकही नळी नाही. बाहेर ग्लासवूल, त्यावर चकचकीत पत्रा, आणि मध्ये पोकळी.

मग बिल काढून पाहिलं. त्यावर गॅसिफायर हा शब्दच नाही, 'फॅब्रिकेशन काम' एवढंच. युनिटमागे किती किलो लाकूड, किती ओलावा चालेल, किती डिझेल वाचेल, सगळं तोंडीच. विक्रेत्याचा फोन बंद. पोलीस म्हणतात व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. धंद्यासाठी घेतलेलं यंत्र, म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ताही सोपा नाही.

परवा मेस्त्री तोच डेमोचा व्हिडिओ बघत होता. हॉपर उघडतात तिथे त्याने थांबवला. वर चार ढलपे, खाली सगळं काळं. "मालक, हो कोळसो. लाकूड नाय." कोळशाला टार जवळपास नसतोच. वकिलांना मी तो व्हिडिओ दिलाय. माझ्याकडे दाखवण्याजोगं तेवढंच आहे.