सात महिने एका चाकावर: इलेक्ट्रिक युनिसायकलचा अनुभव

मामेभावानं पुण्यात हौसेनं घेतली, दोनदा आपटला आणि गेल्या दसऱ्याला अर्ध्या किमतीत माझ्या गळ्यात मारली. "सोलापुरात मोकळे रस्ते असतात, तिकडं शीक," म्हणाला. आता मे महिना चालू आहे. ॲपमध्ये सव्वाचारशे किलोमीटर दिसतायत. माझं वय 46, वजन 78 किलो, यापूर्वीचा अनुभव फक्त सायकल आणि स्कूटीचा. एवढं आधी सांगतो, कारण यूट्यूबवर हे शिकवणारी पोरं विशीतली आणि काडीपैलवान असतात.

वस्तू छोटी आहे. 14 इंची एकच चाक, मोटार चाकातच बसवलेली, दोन्ही बाजूंना दुमडणाऱ्या पट्ट्या, त्यावर पाय ठेवायचे. वजन 12 किलो. वरचं हँडल उचलून न्यायला, चालवताना धरायला काही नाही.

"बॅलन्स आपोआप होतो" हे मीही ऐकलं होतं. अर्धंच खरं आहे. आतले सेन्सर चाक पुढं-मागं कलतंय का ते बघत असतात. तुम्ही पुढं झुकलात की मोटार चाक पळवून तुमच्या खाली आणते, मागं रेललात की ब्रेक लागतो. पण डावी-उजवीकडचा तोल मोटारीच्या हातात नाही. तो सायकलसारखा तुमचा तुम्हीच सांभाळायचा, आणि सायकलसारखंच हळू गेलं की जास्त डुलतं. नवा माणूस भिऊन हळू जातो आणि हळू गेल्यामुळंच पडतो. हे मला कळायला नऊ दिवस लागले.

ते नऊ दिवस जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये गेले. एक पाय पट्टीवर, चाक पोटरीला टेकवलेलं, दुसऱ्या पायानं लहान पोरं स्कूटर ढकलतात तसं ढकलायचं आणि पटकन तोही पाय वर घ्यायचा. माझा दुसरा पाय वर यायचाच नाही. चाक मात्र निसटून नडगीवर बसायचं. बिल्डिंगमधली पोरं रांगेत बसून बघायची. "काका, काय करलालाव ओ? दुसरं चाक कुठं पडलं?"

नडगी काळीनिळी झाली आणि चाकाच्या अंगावरही ओरखडे पडले, तेव्हा आईनं कपाटातली रंग उडालेली सोलापुरी चादर काढून दिली. चार घड्या घालून ती चाकाभोवती गुंडाळली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली. बटण आणि चार्जिंगचं भोक मोकळं ठेवलं. विकतच्या फोमच्या गाद्या मिळतात म्हणे, पण या चादरीनं शंभरेक आपट्या खाल्ल्या आणि एक धागा निसटला नाही. दिसायला मात्र बोचक्यावर उभं राहून चाललोय असं दिसायचं.

खरी गोष्ट शिकवली ती शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी. तरुणपणी ते सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली ती उंच काठी, पेलायचे. यात्रा संक्रांतीला असली तरी काठी पेलण्याचा सराव आधी कितीतरी दिवस चालतो, त्यामुळं तोल या विषयात त्यांचं ऐकावं लागतं. दोन संध्याकाळी ते नुसते बघत उभे होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खाली काय बघलालास बे? काठी घेतल्यावर कोण पायाकडं बघतंय का? शेंड्याकडं बघायचं." म्हटलं, काका, याला शेंडा कुठाय? त्यांनी समोरच्या बिल्डिंगवरच्या काळ्या टाकीकडं बोट केलं. "तोच शेंडा."

टाकीकडं बघत निघालो, जरा जोरात निघालो, आणि पार्किंगचं फाटक आलं तेव्हाच थांबलो. उतरता येत नव्हतं म्हणून फाटकाला मिठी मारली.

त्यानंतर एक दिवसाआड वीस-वीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ पाय बधिर होतात, कारण जीव मुठीत धरून आपण बोटं आवळून उभे असतो. डावं वळण महिन्याभरात आलं, उजव्याला दोन महिने लागले. पार्किंग अपुरं पडायला लागल्यावर पहाटे होम मैदान गाठायचो, पण जानेवारीत तिथं गड्डा, म्हणजे याच यात्रेची जत्रा, भरला आणि आमचा मुक्काम हलला.

फेब्रुवारीत सगळ्यात वाईट पडलो, आणि चूक माझीच. ठरवलेल्या वेगापाशी आलं की हे चाक टूं-टूं करतं, मग पट्ट्यांची पुढची कड वर उचलून तुम्हाला मागं ढकलतं. म्हणजे ‘बास’. बॅटरी उतरलेली असेल तर मोटारीची ताकदही उतरलेली असते. मी 18 टक्के बॅटरीवर चढ चढताना आणखी पुढं रेललो. मोटारीला माझं वजन पेललं नाही, चाक जागेवर मेलं आणि मी पुढं आडवा. स्केटिंगवाल्या मुलांचे मनगटाचे गार्ड घातले होते, म्हणून हात शाबूत. हेल्मेट आणि हे गार्ड यांच्याशिवाय पार्किंगमध्येसुद्धा चढू नका. तीस टक्क्यांखाली मी आता घराकडं वळतो. कंपनी एका चार्जमध्ये 30 किलोमीटर म्हणते, मला 17-18 मिळतात.

पंक्चर हा वेगळा अध्याय. संभाजी तलावाच्या बाजूला बाभळीचा काटा लागला. पंक्चरवाल्यानं हात जोडले, "मोटारची वायर तुटली तर मी कुठनं देऊ?" मग त्याच्याच दुकानात मीच खोललं. दोन्ही कव्हरं, पट्ट्या, वीसेक स्क्रू, असे दोन तास गेले. आता ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं जेल भरलंय. हवा दर पंधरा दिवसांनी बघतो. कमी झाली की वळताना जड लागतं, जास्त झाली की प्रत्येक खडा टाळूपर्यंत पोचतो. 14 इंची चाकाला आपले खड्डे मोठेच. पुन्हा घ्यायची झाली तर 16 इंची घेईन, दोन किलो जास्त उचलावे लागले तरी चालतील.

एप्रिलपासून फक्त सकाळी साडेसहाच्या आत. आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, तासभर गार होऊ देतो. मुख्य रस्त्यावर नेत नाही. 250 वॅटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या ई-बाइकला नोंदणी लागत नाही, पण माझ्या चाकाची मोटार 500 वॅटची आहे. सात रस्ता चौकात हवालदारानं अडवलं तर ‘हे काय आहे’ इथूनच सुरुवात करावी लागेल.

रोजचा उपयोग विचाराल तर कॉलनीच्या आतल्या आत दूध आणणं. त्यातही एक घोळ आहे. दोन हातांत दोन पिशव्या असल्या तर मस्त जातं. एकच पिशवी उजव्या हातात असली की उजवं वळण अजून चुकतं, म्हणून अर्धा लिटर लागत असलं तरी मी एक लिटर आणतो, दोन पिशव्यांत.